ओताकरच्या फायली

ओस्त्रावात, बंद पडलेल्या कोळसाखाणीला लागून
आमच्या तिसऱ्या मजल्यावर चाळीस संगणक आहेत
आणि त्या चाळीसांत मिळून एकच माणूस राहतो:
ओताकर ह्रुश्का, वय एकसष्ट.
तो कुठेच नाही. मी त्याला घडवला,
दोन आठवडे, चहा गार होऊ देत.

रिकाम्या घरावर दरोडा पडत नाही.
खंडणीखोर प्रोग्रामला कुलूप घालायला काहीतरी लागतं.
म्हणून ओताकरला गॅसची बिलं दिली,
कुत्र्याच्या लशीचा कागद,
पुतणीच्या पोहण्याच्या शर्यतीचे एकशे सहा फोटो
(सगळ्यांत पाणीच जास्त),
आलुबुखारच्या उकडीच्या गोळ्यांची कृती,
तीत मीठ लिहायचं राहिलेलं,
आणि हेलेनाला न पाठवलेलं एक पत्र.
राडिम म्हणाला, पत्र कशाला? चोराला काय वाचता येतंय?
मी म्हटलं, असू दे.

सकाळी नऊला नमुना सोडायचा
आणि बघत बसायचं
राखणदार कितव्या फायलीवर जागा होतो.
पहिला तिसऱ्यावरच उठला.
दुसरा एकशे चाळिसाव्या.
बैल गेला आणि झोपा केला,
वर हिरवी खूण: आपण सुरक्षित आहात.
तिसरा उठलाच नाही.
चौथ्याने नमुन्याला जाऊ दिलं
आणि मी मुद्दाम ठेवलेला साधा, गरीब
बॅकअपचा प्रोग्राम धरून आपटला.
चोर सोडून संन्याशाला फाशी.
तेही नोंदवायचं असतं, वेगळ्या तक्त्यात.

तिसरी फाईल काय, एकशे चाळिसावी काय,
'ओळखला' या रकान्यात दोघांपुढे एकच बरोबरची खूण.
मी भांडून शेजारी एक रकाना वाढवून घेतला:
'तोवर काय गेलं.'
राडिम म्हणतो, आकडा लिही. आकडाच लिहिते.
मनात मात्र असतं,
पुतणी गेली, कुत्रा राहिला.

संध्याकाळी एक बटण,
की ओताकर पुन्हा सकाळचा होतो.
हजारदा लुटला गेलेला इतका निवांत माणूस
मी दुसरा पाहिलेला नाही.

बहुतेक नमुने अक्षरांच्या क्रमाने जातात.
हे कळलं त्या दिवशी घरी जाऊन
मी वडिलांच्या फायलीचं नाव बदललं.
एक मिनिट चाळीस सेकंद.
खाणीतून निवृत्त झालेले व्लास्तिमिल
जिना मोजत चढतायत,
अकराव्या पायरीवर खोकला,
मग पुन्हा अकरा.
नावाच्या आधी लावलं
आमच्या वर्णमालेतलं शेवटचं अक्षर,
डोक्यावर उलटी टोपी घातलेलं.
वाटलं, चोर तिथवर पोचेपर्यंत
कुणीतरी जागं होईल.
ओताकरच्या पत्रालाही तेच लावलं, लाडाने.

मंगळवारी आलेला नमुना
शेवटून सुरू झाला.

राखणदार बाविसाव्या फायलीवर उठला.
चांगला आकडा. राडिमने टाळी मागितली.
पडद्यावर खंडणीची चिठ्ठी, मोडक्या झेकमध्ये, अदबीने:
घाबरू नका, आपल्याकडे बहात्तर तास आहेत.
मी रकान्यात लिहिलं: एकवीस.
त्यांत पहिलं कोण होतं, त्याला रकाना नाही.
बटण लगेच दाबवेना.

त्या रात्री वडिलांना एका जुन्या डिस्कवर उतरवलं,
तार उपटली,
डिस्क खसखशीच्या डब्यामागे ठेवली.
नाव तसंच राहू दिलं.
ज्याला तार नाही
त्याचं पहिलं काय, शेवटचं काय.

सकाळी ओताकर उठला, ताजा, पत्रासकट.
नऊ वाजायला दहा मिनिटं होती.
मी त्याची मूळ प्रत उघडली
आणि कृतीत लिहिलं:
चिमूटभर मीठ.